मोघेबाईंचा पहिला गड

माउंट रॉस्किलच्या राजाराम मोघ्यांकडे जेवायला गेलेल्या माणसाला एक तरी गड चढल्याशिवाय गोड मिळत नाही, असं ऑकलंडच्या मराठी मंडळींत म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पहिल्या वाढपाला राजारामराव पायथ्याच्या गावात असतात, आमटी दुसऱ्यांदा येते तेव्हा ते कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर असतात, आणि ताक येईस्तोवर पाहुण्याला धाप लागलेली असते. माणूस सांगतो मात्र फार रंगून. पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पण पुण्यात होते तोवर एकही रविवार त्यांनी घरात काढला नाही. न्यूझीलंडला येऊन वीस-बावीस वर्षं झाली, दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा बदलला, हातात काठी आली, तरी जिभेने ते अजून सह्याद्री पालथा घालत असतात.

या रंगलेल्या गोष्टीत मधूनच स्वयंपाकघरातून एक आवाज येतो. "अहो, ती बालेकिल्ल्याची वाट. पद्मावती माचीवरून जाते ती." राजारामरावांना नाव आठवलं नाही की मृणालिनीबाई पोळी उलटता उलटता तिथून पुरवतात. नवखा पाहुणा थक्क होतो. "काकू, म्हणजे तुम्ही पण ट्रेकर!" त्यावर बाई हसतात आणि म्हणतात, "छे हो, मी डबे खात्यातली."

लोकांना तो विनय वाटतो. विनयबिनय काही नाही, ते निव्वळ सत्य होतं. जन्म पुण्यात, शिक्षण पुण्यात, सासर-माहेर दोन्ही पुण्यात, आणि साठीला टेकेपर्यंत मृणालिनीबाईंनी एकाही गडावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. सिंहगडावरसुद्धा नाही. पुण्याच्या माणसाने हे चारचौघांत सांगायला धाडस लागतं, म्हणून त्या सांगत नसत.

शाळेची सहल सिंहगडावर गेली तेव्हा त्यांना गालगुंड झालं होतं. कॉलेजात मैत्रिणी निघाल्या तेव्हा वडील म्हणाले, मुलींनी काय करायचंय डोंगरात. लग्न ठरलं ते गडवेड्या मुलाशी, तेव्हा त्यांना वाटलं, चला, आता सुटले. पण राजारामरावांचा ग्रुप सगळा पुरुषांचा. "पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन जाऊ," असं ठरायचं आणि तो पुढचा रविवार कधी उजाडायचा नाही. मग वल्लरी झाली, सासूबाई आजारी पडल्या, मग व्हिसा आला. दर रविवारी पहाटे उठून बाई ग्रुपच्या डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी भरून द्यायच्या आणि संध्याकाळी तेलकट डब्याबरोबर गडाची गोष्ट घरी यायची. डबा त्या घासायच्या, गोष्ट लक्षात ठेवायच्या.

आता कुणी म्हणेल, सिंहगडावर गाडी जाते की, भारतात गेल्यावर एकदा जाऊन यायचं. पण राजारामरावांचं एक ब्रह्मवाक्य होतं: गाडीने गेलेला गड मोजायचा नाही. नवऱ्याच्या शंभर गोष्टी न पटणाऱ्या बाईंना नेमकी हीच पटली होती. जायचं तर पायांनी, नाहीतर नाही. बायकांचा हट्ट असा असतो, की तो कुणाला दिसतसुद्धा नाही.

गेल्या वर्षी एक गोष्ट घडली आणि हा हट्ट उफाळून आला. हेन्डरसनला नव्याने राहायला आलेलं एक जोडपं, नितीश आणि प्राची, जेवायला आलं होतं. प्राचीने सहज विचारलं, "काकू, तुमचा सगळ्यात आवडता गड कुठला?" बाईंनी राजगड सांगितला. नुसता सांगितला नाही, तिथला सूर्योदय वर्णन केला, वारा कसा कानात घुसतो ते सांगितलं, प्राची डोळे विस्फारून ऐकत राहिली. पाहुणे गेल्यावर ओट्यावरची भांडी पुसताना बाईंना एकदम जाणवलं की त्यातला एक शब्द आपला नव्हता. वारा राजारामरावांचा, सूर्योदय राजारामरावांचा. त्यांना इतका राग आला की हातातलं पातेलं त्यांनी दाणकन आपटलं. राजारामरावांनी हॉलमधून विचारलं, "काय पडलं गं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. एक गड. एकच. आपल्या पायांनी चढलेला, आपल्या डोळ्यांनी पाहिलेला, आणि कुणाकडून न ऐकता सांगता येईल असा.

प्रश्न एवढाच होता, की न्यूझीलंडमध्ये गड आणायचा कुठून? घरामागच्या डोंगरावर माओरींनी कधीकाळी टप्प्याटप्प्याने खोदून तटबंदी केली होती, ते बाईंना ठाऊक होतं. पण तो डोंगर त्यांचा, आपण तिथे पायात बूट घालून फिरायला जायचं आणि अदबीने परत यायचं, असं त्यांना वाटे. त्याच्यावर आपलं नाव टाकणं काही बरं दिसलं नसतं.

गड आला तो ऑकलंडच्याच ओटाहुहूहून.

मृणालिनीबाई तिथल्या एका फार्मसीत औषधं देतात. काउंटरवर त्यांच्या जोडीला शकु असते. शकु मूळची फिजीची, तिचे पणजोबा उसाच्या मळ्यात राबायला तिकडे गेलेले. तिची हिंदी वेगळी, इंग्रजी न्यूझीलंडची, मराठी बाईंकडून उचललेली, आणि हसणं फार्मसीच्या बाहेर बसस्टॉपपर्यंत ऐकू जाणारं. वल्लरीने आईबाबांना लग्नाच्या वाढदिवसाला फिजीची तिकिटं काढून दिली, एका रिसॉर्टमध्ये पाच दिवस, वर बजावलं, "आई, पोहायचे टॉग्ज घे, पूलमध्ये बस, अँड जस्ट रिलॅक्स, प्लीज." हे शकुला कळताच दुसऱ्या दिवशी ती एक फुगलेली पिशवी घेऊन हजर. फिजीतल्या तिच्या मामीसाठी चॉकलेटं, मामासाठी जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला, गुडघेदुखीचं मलम.

"मामीचं गाव तुमच्या रिसॉर्टपासून एक तास, जास्त नाही. ड्रॉप करून द्याल ना? ईझी आहे. तोपवाली पहाड़ीच्या खाली, कुणालाही विचारा."

बाईंचा हात औषधाच्या बाटलीवर थांबला. "कसली पहाड़ी?"

"तोपवाली. इंग्रजांच्या टायमाची. वर सोल्जर्स राहायचे, वॉर होतं ना तेव्हा. कॅनन्स आहेत, जमिनीच्या खाली रूम्स आहेत, हीप्स ऑफ स्टफ."

"म्हणजे किल्ला?"

"येस, फोर्ट टाइप. मी कधी गेले नाही वर. हम लोग नीचे रहते थे ना."

त्या दिवशी ब्लडप्रेशरची गोळी देताना बाईंनी एका म्हाताऱ्या सामोअन आजींना इतकं गोड हसून दाखवलं की आजी म्हणाल्या, "यू वन द लोटो, डिअर?"

राजारामरावांना सांगितलं तेव्हा ते आधी खूश झाले आणि मग लगेच मास्तर झाले. चष्मा चढवून त्यांनी इंटरनेटवर वाचलं आणि निकाल दिला. "मृणाल, याला गड म्हणत नाहीत. ही गॅरिसन. इंग्रजांची छावणी. पुढे युद्धाच्या वेळी तोफा बसवल्या."

"डोंगरावर आहे ना?"

"आहे."

"तोफा आहेत?"

"आहेत की."

"तट?"

"काँक्रीटचा."

"मग गड."

"अगं, पण हा मोजता यायचा नाही."

"तुमच्यात नका मोजू," बाई म्हणाल्या. "माझ्यात मोजते. माझी पाटी कोरी आहे."

राजारामराव चष्म्यावरून बघत राहिले. बायकोची पाटी कोरी आहे हे त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक होतं, पण आपल्या घरातल्या गळक्या नळासारखं. माहीत असतं आणि ऐकू येत नाही. बाई दुसऱ्या दिवसापासून रोज कामावर जाण्याआधी घरामागच्या डोंगरावर चढून उतरू लागल्या. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दगड झाल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कुत्रा फिरवणाऱ्या एका तरुणाला मागे टाकलं आणि "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून वर दोन पावलं जास्तच टाकली.

जुलैत ते फिजीला उतरले. ऑकलंडची बोचरी थंडी विमानात राहिली आणि दारातून बाहेर पडताच अंगावर उबदार, दमट हवा आली. रिसॉर्टचा पूल पाहून राजारामरावांचा चेहरा खुलला. बाईंनी पूलकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी भाड्याची गाडी निघाली. दोन्ही बाजूंना उसाचे फड, तोडणी चाललेली, रस्त्यावर पडलेला पाचोळा, ट्रकवर रचलेल्या मोळ्या. "अहो, कोल्हापूरला आल्यासारखं वाटतंय," असं बाई चौथ्यांदा म्हणाल्या तेव्हा राजारामराव म्हणाले, "कोल्हापूरला समुद्र कधीपासून आला?" उसाच्या तुऱ्यांपलीकडे खरंच निळीशार रेघ दिसत होती, आणि तिच्या अलीकडे एक हिरवी टेकडी.

फोनवरची नकाशावाली बाई सांगत होती की पुढच्या वळणावर उजवीकडे वळा. राजारामरावांनी तिचं तोंड बंद केलं. "हिला काय गड कळतो! गडाची वाट नेहमी पायथ्याच्या गावात विचारायची." हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता आणि मराठी मुलखात तो कधी चुकलेला नाही. शिवाय मामीकडे जायचंच होतं.

मामी पत्र्याच्या घराच्या ओसरीवर कसाव्याचे कंद सोलत बसली होती. पिशवी पाहून तिचे डोळे भरून आले, चहा आला, गरम रोटी आली, शकुचं वजन वाढलं का घटलं याची चौकशी झाली. मग राजारामरावांनी काठी टेकवून, ठेवणीतल्या हिंदीत विचारलं, "मामीजी, ऊपर जाने का पैदल रास्ता किधर से है?"

"पैदल?" मामीने दोघांकडे पाहिलं. काठीकडे पाहिलं. "पैदल तो ये रहा, घर के पीछे से. हमार बकरी लोग जाता।"

घरामागे पाहिलं तर वाट अशी की पाहताच राजारामरावांचे डोळे चमकले. सरळ उभी, लाल मातीची, मधे दगड, दोन्ही अंगांना कमरेएवढं गवत. क्षणभर त्यांनी काठी उचललीसुद्धा. मग गुडघ्याने आपलं मत दिलं आणि ते ओसरीच्या कडेला खाली बसले.

"नको जाऊस," ते म्हणाले. "एकटी आहेस. परत कधीतरी..."

ते "परत कधीतरी" ऐकलं आणि बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण भांडायला वेळ नव्हता, ऊन वाढत होतं. त्यांनी बुटांच्या नाड्या आवळल्या, मामीने फडक्यात बांधून दिलेली रोटी-भाजी पाठीवरच्या पिशवीत टाकली, आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा. चहा घ्या अजून." आणि निघाल्या.

मागून सूचना सुरू झाल्या. "डावीकडून! मृणाल, डावीकडून! तो दगड सैल आहे! वजन पुढच्या पायावर! अगं, गवत धरू नकोस, मुळासकट येतं!" निम्म्या टेकडीपर्यंत तो आवाज पाठोपाठ येत होता. मग एक वळण आलं, आवाज तुटला आणि फक्त वारा राहिला.

बाई थांबल्या. हा वारा कुणी सांगितलेला नव्हता. तो खारट होता, त्याला उसाच्या जळक्या पाचटाचा वास होता, आणि तो कानात घुसत नव्हता, गळ्याभोवती फिरत होता. त्या एकट्याच मोठ्याने हसल्या. छाती धडधडत होती, घामाने टी-शर्ट पाठीला चिकटला होता, एका बकरीने मान वर करून पाहिलं आणि ती परत चरायला लागली. पुढे चढ इतका उभा झाला की बाईंना हात टेकावे लागले. एकदा पाय घसरला, ढोपर खरचटलं, लाल माती पँटला लागली. त्यांना त्याचं इतकं कौतुक वाटलं की ती त्यांनी झटकली नाही.

आणि मग, एका मोठ्या आंब्याच्या झाडाखाली, त्यांना ती दिसली.

गुडघाभर उंचीचा दगड. गोलसर डोक्याचा. वरपासून खालपर्यंत शेंदरी. बाईंच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं. गड म्हटला की गडाची देवी आलीच, आणि देवीचं दर्शन घेतल्याशिवाय वर जायचं नाही, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या रविवारपासून ऐकलं होतं. पण इंग्रजांच्या छावणीत, समुद्रापल्याडच्या बेटावर देवी भेटेल असं कुणाच्या स्वप्नात होतं! असणारच, त्यांनी मनाशी जुळवलं. उसाच्या मळ्यात आलेल्या कुणा बाईने मांडली असणार. त्यांनी बूट काढले. नारळ नव्हता, आजूबाजूला नारळाचीच झाडं होती, पण चढणार कोण. शेजारी रानजास्वंद मात्र फुललं होतं. दोन फुलं तोडून त्यांनी दगडाच्या माथ्यावर ठेवली, मामीच्या रोटीचा तुकडा पुढे ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आई, पहिलाच गड आहे गं माझा. नीट वर पोचव."

"बूला, मॅडम," मागून कुणीतरी फिजीचा नमस्कार घातला.

एक उंच, जाड, पांढऱ्या केसांचा फिजीयन गृहस्थ गवत कापायचं यंत्र खांद्यावर घेऊन उभा होता. शर्टावर राखणदाराचा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर नाव होतं वाइसाके. त्याने दगडाकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, रोटीकडे पाहिलं आणि बाईंच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"मॅडम, इज धिस स्टोन स्पेशल?" त्याने फार आदराने विचारलं.

"ऑफ कोर्स! गॉडेस ऑफ द फोर्ट," बाई म्हणाल्या.

वाइसाके जरा घुटमळला. मग त्याने सांगितलं, की खालून पाण्याचा पाइप जातो, त्याची खूण म्हणून तो दगड आहे. गवतात न दिसल्यामुळे या यंत्राचं पातं त्याच्यावर दोनदा मोडलं. म्हणून गेल्या मंगळवारी त्याने स्वतःच तो रंगवला. रंग बोटीचा उरला होता.

बाईंनी दगडाकडे पाहिलं. रंग खरंच बोटीचा होता, खाली गवतावर थेंबही पडले होते. दोन क्षण त्यांचा चेहरा लालबुंद झाला आणि मग त्या अशा हसत सुटल्या की त्यांना आंब्याचा आधार घ्यावा लागला. वाइसाकेही हसला, पोट धरून हसला. पण फुलं काढायला त्यांचा हात पुढे झाला तेव्हा त्याने अडवलं. "लीव्ह इट, मॅडम. यू आस्क्ड बिफोर गोइंग अप." त्यांच्याकडेही कुणाच्या जागी जायचं तर आधी विचारतात, असं सांगून तो म्हणाला, "इट्स गुड मॅनर्स." आणि बाईंनाही ते पटलं. रंग कुणी कशासाठी दिला, ते देवी थोडीच बघत बसते?

त्यांनी बूट चढवले आणि शेवटची चढण वाइसाकेच्या मागोमाग संपली. झाडी सुटली, माथा आला, आणि बाईंनी विजयाने पुढचं पाऊल टाकलं ते गुळगुळीत डांबरावर.

समोर वाहनतळ होता. एक मिनीबस उभी होती. तिच्यातून एक ऑस्ट्रेलियन कुटुंब उतरत होतं, पायांत जॅन्डल्स, हातांत आइस्क्रीम. पलीकडून छान पक्का रस्ता वळणं घेत थेट खालच्या हमरस्त्याला मिळत होता, जिथे फोनमधली बाई उजवीकडे वळा म्हणत होती.

"सगळे गाडीने येतात," वाइसाके म्हणाला. "बकऱ्यांच्या वाटेने आलेल्या तुम्ही पहिल्याच. आम्ही पाहिलं तुम्हाला वरून. मला वाटलं, काहीतरी हरवलं असेल."

बाईंना क्षणभर रडू फुटेल असं वाटलं. एवढी माती, एवढं ढोपर, आणि वर आइस्क्रीम! पण मग त्यांनी त्या कुटुंबाच्या कोरड्या, पावडर लावलेल्या माना पाहिल्या, आपला भिजलेला टी-शर्ट पाहिला, आणि आतून असा काही आनंद उसळला की काय सांगावं. गाडीचा रस्ता असूनही त्या चालत आल्या होत्या! राजारामराव तरी कधी असं चढले होते का? वाइसाकेला त्यांनी सांगून टाकलं, "आय क्लाइम्ब्ड माय फर्स्ट फोर्ट!" तो अस्सल न्यूझीलंडी थाटात म्हणाला, "स्वीट ॲज, मॅडम," कारण त्याचा भाऊ ऑकलंडला होता.

मग बाई नुसत्या धावत सुटल्या. साठीची बाई, खरचटलेलं ढोपर, आणि या तोफेकडून त्या तोफेकडे. तोफा दोन होत्या, लांबलचक, हिरव्या रंगाच्या, तोंड समुद्राकडे. काँक्रीटच्या भिंतीला बंदूक रोखायची आडवी फट होती, बाई "जंगी! ही जंगी!" म्हणत तिला डोळा लावून उभ्या राहिल्या. समोर समुद्राचे दोन रंग, आतला फिका, बाहेरचा गडद, आणि मधे प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी ओळ. त्या ओळीत एका ठिकाणी खंड होता. जहाजांना आत यायला तेवढीच वाट, वाइसाकेने सांगितलं, आणि दोन्ही तोफा तिच्यावर रोखलेल्या. जमिनीखालच्या कोठाराच्या पायऱ्या उतरताना अंगावर गार हवा आली आणि बाईंनी भिंतीला हात लावून पाहिला. त्यांना सगळ्याला हात लावायचा होता. या तोफा शत्रूवर कधी डागल्याच गेल्या नाहीत, वाइसाके म्हणाला, सैनिक नुसती वाट बघत राहिले.

"किती सैनिक?" बाईंनी विचारलं.

"शंभरावर. काही फिजीचे, काही तुमच्या न्यूझीलंडचे."

"मग स्वयंपाकघर कुठे होतं?"

वाइसाके थबकला. इतकी वर्षं तो इथे लोकांना फिरवत होता. तोफेचा पल्ला सगळ्यांनी विचारला, हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने त्यांना बराकीमागे नेलं. तिथे गवतात सिमेंटची एक फरशी होती, एका कडेला काळवंडलेल्या विटा, आणि पन्हळीसारखी उतरत गेलेली मोरी. बाई तिथे उभ्या राहिल्या आणि त्यांना सगळं दिसलं. चूल इथे, वाऱ्याला पाठ करून, म्हणजे धूर तोफांकडे जाणार नाही आणि जहाजावरून दिसणार नाही. पाण्याची टाकी वरच्या अंगाला, दगडांच्या वाटेपलीकडे अजून उभी. भांडी घासायची जागा मोरीच्या तोंडाशी. शंभर माणसांचं पहाटेचं रांधणं, आणि कुणीतरी एकजण सगळ्यांच्या आधी उठणारा. "कोण होता तो?" त्यांनी विचारलं. वाइसाकेला माहीत नव्हतं. बाईंनी फडकं सोडलं, रोटीची अर्धी घडी त्याला दिली, अर्धी आपण घेतली, आणि दोघांनी त्या फरशीवर बसून ती खाल्ली.

तेवढ्यात डांबरी रस्त्याने एक गाडी वर आली. काठी आधी उतरली, मग राजारामराव. मामीने दुसऱ्या चहाबरोबर पक्क्या रस्त्याची बातमी दिली होती आणि त्यांनी घोडं दामटलं होतं. बायको धडधाकट दिसताच त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडताच तोंड सुरू झालं.

"मृणाल, इकडे ये, हे बघ. ही सहा इंची तोफ. आता या तोफेची गंमत अशी, की..." आइस्क्रीमवाल्या कुटुंबातले आजोबाही वळून बघायला लागले. राजारामरावांनी काठी उंचावली, घसा खाकरला, पायथ्यापासून सुरुवात करायची त्यांची ती खास ऐट आली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या, की राजारामराव खरंच थांबले.

"हा गड तुम्ही सांगायचा नाही. तुम्ही गाडीने आलात."

"अगं, मी फक्त..."

"मला राग आहे तुमचा," बाई म्हणाल्या, पण चेहऱ्यावरचा आनंद काही जाईना, दोन्ही एकदम होतं. "खूप जुना राग आहे. दर रविवारी तुम्ही जायचात, मी डबे भरायचे. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की चल. पुढच्या रविवारी म्हणालात, परत कधीतरी म्हणालात. तुमचे सगळे गड मला पाठ आहेत, आणि मी लोकांना ते माझे म्हणून सांगायला लागले होते, इतकी वेळ आली. हा एक माझा आहे. मी चढलेय. हा मी सांगणार."

वाइसाकेला मराठी कळत नव्हतं, पण त्याला बायको होती. तो हळूच आंब्याच्या दिशेने निघून गेला.

राजारामराव उभे राहिले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी बायकोकडे पाहिलं, मातीने लाल झालेल्या पँटकडे पाहिलं, ढोपरावरच्या सुकलेल्या रक्ताकडे पाहिलं.

"चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. आणि मग, "सांग. ऐकतो मी."

बाईंनी तोफेकडे ढुंकून पाहिलं नाही. नवऱ्याच्या काठी नसलेल्या हाताचं कोपर पकडून त्यांनी त्याला बराकीमागे नेलं, त्या काळवंडलेल्या विटांपाशी उभं केलं आणि सुरुवात केली. "इथे चूल होती. आता वारा कुठून येतो बघा." त्या बोलत राहिल्या, हातवारे करत राहिल्या, मधेच पुढचं आधी सांगून परत मागे आल्या, शंभर माणसांच्या भाकऱ्यांचा, म्हणजे पावाचा, हिशेब चुकला आणि तो तसाच सोडून दिला. राजारामराव मधे बोलले नाहीत. एकदा फक्त त्यांनी विचारलं, "आणि पाणी कुठून?" तेव्हा बाईंचे डोळे असे लकाकले, की त्या उत्तर द्यायला थांबल्याच नाहीत.

"चला, दाखवते ना! वरच्या अंगाला टाकी आहे. वाट जरा वाईट आहे, सांभाळून या. डावीकडून."

त्या पुढे झाल्या, आणि राजारामराव काठी टेकत त्यांच्या मागून चालू लागले.